स्कोलिओसिसमुळे आपण वेगळे आहोत असं वाटतं तेव्हा काय करायचं

स्कोलिओसिस म्हणजे पाठीचा कणा एका बाजूला वाकणं. त्याबद्दल शोधायला गेलं की डिग्री (बाक किती आहे त्याचा आकडा), ब्रेस (बाक वाढू नये म्हणून अंगाभोवती घालायचं कडक कवच), व्यायाम, ऑपरेशन यांची ढीगभर माहिती सापडते, पण नवीन कपडा घालून बघताना मागच्या आरशात स्वतःची पाठ पहिल्यांदा नीट दिसली की पोटात जो गोळा येतो त्याचं काय करायचं ते कोणी सांगत नाही. डॉक्टरांकडे तेवढा वेळ नसतो, घरच्यांना वाटतं दुखत नाहीये ना मग झालं, आणि मैत्रिणी म्हणतात अगं काही दिसत नाही. विषय तिथंच मिटतो आणि आपण आपले बसतो एकटे. मला हे शाळेत असल्यापासून आहे, त्यामुळे खाली काही अनुभवाचं आहे, काही वाचून कळलेलं आणि काही ठिकाणी सरळ माझी मतं आहेत, पटली नाहीत तर सोडून द्या.

पहिलं मत इथंच सांगून टाकते. "स्वतःच्या शरीरावर प्रेम करा" हा सल्ला अंगावर प्लास्टिकचा ब्रेस चढवलेल्या चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीला किंवा पोराला देऊन काही उपयोग नसतो. प्रेम वगैरे फार लांबची गोष्ट, आणि ते नाही जमलं की वर अजून एक अपराधीपणा, की बघा मला हेही जमत नाही. त्यापेक्षा साधं टार्गेट ठेवा, दिवसातला जास्तीत जास्त वेळ पाठ आठवू नये. आवडलीच पाहिजे असं नाही, डोक्यात सारखी नको एवढंच.

आणि "मी वेगळी आहे" हे चोवीस तास वाटतं असं आपल्याला वाटत असतं, पण नीट बघितलं तर ते ठराविक जागी येतं. आरसा, कपडे, एक्सरेचा दिवस, कोणाची तरी कॉमेंट, पाठीवर पडलेला हात. म्हणून पहिलं काम हे करा, आठवडाभर काहीही बदलायला जाऊ नका, फक्त जेव्हा जेव्हा ते वाटेल तेव्हा फोनमध्ये दोन शब्द टाकून ठेवा, "ग्रुप फोटो", "पीटीचा तास", "काकू". आठवड्याने लिस्ट बघा. बहुतेक वेळा तीन-चार जागाच परत परत आलेल्या असतात, आणि तीन-चार जागांचं काहीतरी करता येतं.

आधी डोक्यातला दोष काढा

आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या मनात कुठेतरी असतं की हे मी ओढवून घेतलं. पोक काढून बसायचे, जड दप्तर एकाच खांद्यावर घ्यायचे, पालथं झोपायचे. तर नाही. किशोरवयात होणारा जो नेहमीचा प्रकार आहे, ज्याला इडिओपॅथिक म्हणतात, त्याचं नेमकं कारण अजून सापडलेलं नाही. स्कोलिओसिसच्या साधारण दर १० केसेसपैकी ८ या प्रकारातल्या असतात. घराण्यात असेल तर शक्यता वाढते एवढं माहीत आहे, पण दप्तराने किंवा बसण्याच्या सवयीने हे होत नाही. कणा नुसता बाजूला वाकत नाही तर वळतोही, पीळ पडल्यासारखा, म्हणून पुढे वाकलं की एका बाजूच्या बरगड्या वर उचललेल्या दिसतात. हे असं कोणी खुर्चीत वाकडं बसून करून दाखवावं.

त्यामुळे कोणी "तरी सांगत होते ताठ बसत जा" म्हणालं तर वाद घालू नका, पण मनावरही घेऊ नका. ती माहिती चुकीची आहे, बस.

दुसरी गोष्ट आकड्यांची. कणा १० डिग्रीपेक्षा जास्त बाजूला वाकलेला असला की त्याला स्कोलिओसिस म्हणतात, आणि वाढीच्या वयातल्या १०० मुलांमागे २ ते ३ जणांना तो असतो. म्हणजे हजार मुलांची शाळा असेल तर तुमच्याशिवाय अजून वीस-एक जण तरी त्याच इमारतीत फिरत असणार. दिसत का नाहीत? कारण बहुतेकांचा बाक लहान असतो, कपड्याखाली जातो, काहींना तर स्वतःलाही माहीत नसतो, आणि ज्यांना माहीत आहे ते तुमच्यासारखेच कोणाला सांगत नाहीत. आपण दुर्मिळ नाही, सगळेच लपवतात म्हणून तसं वाटतं. मोठा बाक मात्र मुलींमध्ये मुलांपेक्षा खूप जास्त दिसतो, त्यामुळे ज्या मुलग्यांना ब्रेस लागतो त्यांना अजूनच एकटं पडल्यासारखं होतं, त्यांच्यासाठी कोणी काही लिहीतही नाही. पोरांनो, खालचं सगळं तुम्हालाही लागू आहे.

एक्सरेचा दिवस

हा भाग मी जरा लांबवणार आहे कारण वर्षभरातला सगळ्यात घाण दिवस हाच असतो असं माझं प्रामाणिक मत आहे. दर चार-सहा महिन्यांनी एक्सरे, आणि त्या एका आकड्यावर पुढचे चार-सहा महिने मूड ठरतो. मागच्या वेळी २४ होता, आता २७ आला, संपलं सगळं, गाडीत रडारड.

तर हे नीट समजून घ्या. तो आकडा जॉन कॉब नावाच्या अमेरिकन सर्जनने १९४८ मध्ये मांडलेल्या पद्धतीने काढतात. बाकाचा वरचा सगळ्यात जास्त कललेला मणका आणि खालचा सगळ्यात जास्त कललेला मणका धरून त्यांच्यावर रेघा मारायच्या आणि त्यांच्यातला कोन मोजायचा. रेघा माणूसच मारतो (आता कॉम्प्युटरवर मारतो, पण मारतो माणूसच), त्यामुळे एकच एक्सरे दोन डॉक्टरांनी मोजला तरी पाचएक डिग्रीचा फरक पडू शकतो. म्हणजे २४ चा २७ झाला याचा अर्थ बाक वाढला असा होईलच असं नाही, मोजण्यातला फरकही असू शकतो. डॉक्टर हे मनात धरूनच बोलत असतात पण आपल्याला कोणी सांगत नाही, आणि आपण त्या तीन डिग्रींसाठी आठवडा वाया घालवतो. पुढच्या वेळी थेट विचारा, "हा बदल खरा आहे की मोजण्यातला?" या एका प्रश्नाने बराच जीव भांड्यात पडतो.

तसंच आकड्यांचा ढोबळ हिशोब माहीत असू द्या म्हणजे अंधारात घाबरायला होत नाही. २५ च्या आत असेल तर बहुधा नुसतं लक्ष ठेवतात, २५ ते ४० च्या दरम्यान आणि उंची अजून वाढत असेल तर ब्रेस, आणि ४५-५० च्या पुढे गेला तर ऑपरेशनचा विषय निघतो. वाढ थांबल्यावर ३० च्या आतले बाक सहसा वाढत नाहीत. तुमच्या केसमध्ये काय ते तुमचे डॉक्टर सांगतील, वय, वाढ किती शिल्लक, बाक कुठे आहे यावर बरंच असतं. पण एक लक्षात घ्या की या आकड्याचा आणि तुम्हाला किती वाईट वाटतं त्याचा फारसा संबंध नसतो. २० डिग्रीवाली मुलगी पोहायला जाणं सोडते आणि ५० वाली बिनधास्त फिरते, दोन्ही बघायला मिळतं. त्यामुळे "तुझं तर काहीच नाही, अमक्याचं बघ" असं कोणी म्हणालं तर ते ऐकून गप्प बसायची गरज नाही, वाईट वाटायला ठराविक डिग्री लागत नाही.

आता तपासणीची खोली. पाठ उघडी टाकून, हात जोडून पुढे वाकायचं आणि मागे उभं राहून लोक तुमच्या पाठीबद्दल एकमेकांशी बोलतात, "हे बघा इथे, राइट थोरॅसिक", जसं काही पाठीला पुढे माणूस जोडलेला नाहीच. हा अपमान छोटा वाटतो पण वर्षानुवर्षं लक्षात राहतो. इथे काय करता येतं:

मागून उघडा गाऊन मागा, किंवा आधीच तशी स्पोर्ट्स ब्रा वगैरे घालून जा.
खोलीत शिकाऊ डॉक्टर असतील आणि नको वाटत असेल तर "आज फक्त तुम्हीच तपासा, चालेल का" म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, वय काहीही असो. कोणी फोटो काढत असेल तर कशासाठी ते विचारा.
एक्सरे पडद्यावर लावायच्या आधी सांगता येतं की मला बघायचा नाही, किंवा बघायचा आहे पण आधी आकडा सांगू नका. मला आधी आकडा आणि मग चित्र असं बरं पडतं, काहींना उलटं.
प्रश्न कागदावर लिहून न्या कारण शर्टाची बटणं लावत लावत बोलताना सगळं विसरायला होतं. कपडे नीट घालून, खुर्चीवर बसून बोलायचं आहे असंही सांगता येतं. कुणाला राग येत नाही, कोणी विचारत नाही म्हणून ते तसंच चालू असतं.

आणि त्या संध्याकाळी काहीतरी ठरवून ठेवा जे पाठीशी संबंधित नाही. आकडा चांगला आला तरी आणि वाईट आला तरी तेच करायचं. बक्षीस म्हणून नको, सांत्वन म्हणून नको.

आरसा आणि फोटो

काही जण आरसाच टाळतात आणि काही जण दिवसातून पंचवीस वेळा बघतात, खांदा, कंबर, परत खांदा, टी-शर्ट ओढून परत कंबर. दोन्हीने भीती वाढतेच. मधला मार्ग असा की दिवसातून ठरलेल्या वेळी बघायचं, तयार होताना, आणि बघताना पूर्ण शरीर बघायचं, थेट बिघडलेल्या जागेवर झूम नाही करायचं. मनात वर्णन करायचं पण विशेषणं न लावता. "उजवा खांदा वर आहे. डाव्या कंबरेला घडी पडते, उजवीकडे नाही. केस धुवायला झालेत." भयानक, विचित्र, घाणेरडं हे शब्द नाहीत. सुरुवातीला हे फार खोटं वाटतं, वाटू द्या, करत राहा, काही आठवड्यांनी मेंदू कंटाळतो आणि आपल्याला तेच हवं असतं, कंटाळा.

फोटोचं वेगळं. फोटोत आपण सगळ्यात आधी स्वतःला शोधतो आणि स्वतःत सगळ्यात आधी खांदे. बाकीचेही स्वतःलाच शोधत असतात हो. यावर एक प्रयोग आहे, थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला, २००० साली छापून आला. कॉलेजच्या मुलांना लाज वाटेल असा एका गायकाच्या चेहऱ्याचा टी-शर्ट घालून लोकांनी भरलेल्या खोलीत पाठवलं आणि मग विचारलं, किती जणांनी बघितलं असेल? मुलांना वाटलं जवळपास निम्म्यांनी. खरं बघितलं होतं साधारण चौथ्या हिश्शाने. म्हणजे लाजेने आकडा दुप्पट केला. मी हे वाचलं तेव्हा बरं वाटलं, पण पूर्ण नाही, कारण चौथा हिस्सा म्हणजे कोणीच नाही असं नाही ना. काही लोकांना दिसतंच. म्हणून पुढचा भाग महत्त्वाचा.

लोक विचारतात, बघतात, बोलतात

इथे तयारीच कामाला येते, त्या क्षणी काही सुचत नाही. तीन वाक्यं आधी ठरवून ठेवा आणि मोठ्याने म्हणून बघा, बाथरूममध्ये म्हणा, पण म्हणा.

एक छोटं, अनोळखी लोकांसाठी: "माझा कणा जरा वाकलेला आहे, दुखत नाही." एवढं बोलून विषय बदलायचा, थांबायचं नाही, थांबलात की सल्ला येतो.

एक मधलं, वर्गातल्यांसाठी किंवा ऑफिसातल्यांसाठी: "मला स्कोलिओसिस आहे, वाढीच्या वयात होतो, म्हणून हा ब्रेस आहे. काही वर्षं घालायचा. बाकी मी सगळं करते."

आणि एक दार लावणारं: "मला आत्ता यावर बोलायचं नाहीये." हे म्हणायला सगळ्यात अवघड जातं, खास करून मोठ्या माणसांसमोर. नातेवाइकांसमोर जमत नसेल तर आईला किंवा बाबांना आधी सांगून ठेवा की कोणी विषय काढला तर तुम्ही तोडा. हे त्यांचं काम आहे, तुमचं नाही.

चिडवणाऱ्यांचं म्हणाल तर, ब्रेसवर टकटक करणारा एक जण असतोच, आणि "रोबोट" म्हणणाराही. पहिल्या वेळी निर्विकार चेहऱ्याने "झालं का?" एवढं पुरतं. परत परत होत असेल, किंवा कोणी ढकलत असेल, पट्टे ओढत असेल, व्हिडिओ काढत असेल तर तो विनोद राहिला नाही, मोठ्या माणसाला सांगायचं, आणि सांगताना "मला त्रास देतात" असं मोघम नाही तर कोण, कुठे, काय केलं असं सांगायचं, म्हणजे समोरच्याला "जाऊ दे गं" म्हणून टाळता येत नाही.

सगळ्यांना सांगायची काहीच जबरदस्ती नाही. पण एका माणसाला सांगाच. एकच. घराबाहेरचा असेल तर उत्तम. सांगताना त्याला कामही द्या, कारण लोकांना काय करावं कळत नाही म्हणून ते वेडंवाकडं बोलतात. "मला उपाय नकोत, एक्सरेच्या दिवशी फक्त मेसेज कर" किंवा "पीटीच्या आधी बदलायला जाताना माझ्याबरोबर चल." बहुतेक लोक काम दिलं की छान वागतात.

अजून एक, प्रेरणादायी उदाहरणं. उसेन बोल्टला स्कोलिओसिस आहे हे तुम्हाला आत्तापर्यंत चार जणांनी सांगितलं असेल. खरं आहे, आहे, आणि २००९ मध्ये १०० मीटर ९.५८ सेकंदात पळालाय तो. पण बोल्ट पळाला म्हणून आपल्याला वाईट वाटायचं थांबतं का? मला तरी नाही थांबलं. मला जास्त काय लागू पडलं ते सांगते, इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड. त्याला कित्येक शतकं राक्षसासारखा कुबडा दाखवलं, पाठ वाकडी म्हणून मनही वाकडं असं. मग २०१२ मध्ये लेस्टर शहरात एका पार्किंगखाली त्याचा सांगाडा सापडला. संशोधकांनी २०१४ मध्ये मांडलं की त्याला ६५ ते ८५ डिग्रीचा स्कोलिओसिस होता, म्हणजे चांगलाच मोठा, पण बाक असा होता की नीट शिवलेल्या कपड्यांत आणि मापाच्या चिलखतात फारसा दिसलाही नसता. आणि हा माणूस १४८५ मध्ये रणांगणावर लढताना मेला. राजा म्हणून तो बरा होता की वाईट ते सोडा, पण लोकांनी पाठीवरून रचलेली गोष्ट आणि खरी पाठ यांत एवढा फरक. कोणी माझ्या पाठीकडे बघून चेहरा केला की मला वाटतं, हा पण जुनीच गोष्ट ऐकून आलाय.

कपडे, थोडक्यात

टी-शर्टचा गळा एका बाजूला सरकतो, खालच्या खांद्यावरून ब्राचा पट्टा आणि पर्स दोन्ही घसरतात, कुर्ता एका बाजूने आखूड दिसतो. हे वैतागाचे प्रकार आहेत आणि त्यांना वैतागाचेच उपाय आहेत. पट्टा मागे क्रॉस करा, बॅग क्रॉसबॉडी घ्या, कुर्त्याची खालची कड शिंप्याकडून अंगावर घालून सरळ मापून घ्या. जाड कापड, थोडं प्रिंट, वर जॅकेट, याने पाठ झाकते. झाकण्यात काही गैर नाही, स्वीकार वगैरे न केल्याचं पाप लागत नाही. फक्त एक तपासत राहा, कपडा बदलून तुम्ही ठरल्या ठिकाणी जाताय का, की कपडा सापडला नाही म्हणून जाणंच रद्द करताय. दुसरं जास्त व्हायला लागलं तर तो कपड्यांचा प्रश्न राहिलेला नाही.

ब्रेस घालत असाल तर

राग येणार. येऊ द्या. ज्या वयात सगळ्यांना अंगाला चिकटणारे कपडे घालायचे असतात त्या वयात अंगाभोवती कडक कवच, बसलं की मांडीला रुततं, खाली पेन पडलं तर गुडघ्यावर बसून उचलायचं, आणि शांत वर्गात वेल्क्रोचा पट्टा सैल करायचा तर तो चर्रकन आवाज. मिठी मारली की समोरचा क्षणभर थबकतो, हे तर मला सगळ्यात जास्त लागायचं. "आत ब्रेस आहे, घट्ट मार" असं आधीच म्हणून टाकलं की तो थबकण्याचा क्षण जातो.

ब्रेसचा उपयोग होतो का हा प्रश्न रात्री अडीच वाजता पडतो, म्हणून उत्तर माहीत असलेलं बरं. २०१३ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या एका मोठ्या अभ्यासाचे निकाल आले, त्यात ब्रेस घातलेल्या ७२ टक्के मुलांचा बाक वाढ संपेपर्यंत ५० डिग्रीच्या आत राहिला, आणि ब्रेस न घातलेल्यांमध्ये ४८ टक्के. जितके तास जास्त तितका फायदा जास्त, दिवसाला सरासरी १३ तास किंवा जास्त घालणाऱ्यांमध्ये तर ९० टक्क्यांच्या वर. सांगितले होते किमान १८ तास, सगळ्यांनी तेवढे घातले नाहीत. याचा अर्थ तास कमी करा असा नाही, तुमचे तास तुमचे डॉक्टर ठरवणार. पण एखाद्या संध्याकाळी ब्रेस काढून ठेवला म्हणून सगळं पाण्यात गेलं असं नसतं, हिशोब सरासरीचा असतो, दुसऱ्या दिवशी परत घालायचा. ज्यांना "सगळं नाहीतर काहीच नाही" अशी सवय असते ते एक दिवस चुकला की आठवडा सोडतात, तो आठवडा महागात पडतो. याच आकड्यांत अजून एक गोष्ट आहे, काहींचा बाक ब्रेसशिवायही थांबतो आणि काहींचा ब्रेस इमानदारीत घालूनही वाढतो. तुमचा वाढला तर तुम्ही कमी पडलात असं कोणालाही म्हणू देऊ नका, स्वतःलाही.

आत शिवण नसलेली सुती बनियन, निदान ब्रेसच्या खालच्या कडेपर्यंत लांब, घडी न पडता ओढून घ्यायची. पँट ब्रेसवरून घालायची, एक साइज मोठी, म्हणजे बाथरूमला जाताना झटापट होत नाही. पोट दाबलेलं असतं म्हणून एकदम जास्त जेवण जात नाही, थोडं थोडं खा. या गोष्टी भावनिक नाहीत असं वाटेल पण दिवसभर टोचत असेल तर कुठलंही मन ताळ्यावर राहत नाही.

ऑपरेशन झालं की सगळं संपतं का

लोकांना वाटतं संपतं. कणा सरळ झाला, उंची थोडी वाढली, आता काय. पण अंगाची जी ओळख डोक्यात बसलेली असते ती एका दिवसात बदलत नाही, काही जणांना सरळ झाल्यावरच आपण वाकडे उभे आहोत असं वाटत राहतं. पहिले काही आठवडे मूड खाली जातो, औषधं, झोप नाही, आंघोळीलाही दुसऱ्याची मदत, आणि वर सगळे "आता खूश ना?" विचारतात. टाक्यांच्या आजूबाजूला बधिर वाटतं, बरगड्यांचा उंचवटा थोडा राहूही शकतो. हे आधी माहीत असलं तर फसवल्यासारखं वाटत नाही.

व्रण दाखवायचा की नाही हा पूर्णपणे तुमचा प्रश्न. ब्रिटनच्या राजघराण्यातल्या युजेनीचं २००२ मध्ये, ती बारा वर्षांची असताना हे ऑपरेशन झालं होतं आणि २०१८ मध्ये लग्नात तिने मुद्दाम पाठ उघडी दिसेल असा ड्रेस घातला. छान केलं. आणि ज्यांना आयुष्यभर दाखवायचा नाही त्यांनीही काही कमी धाडस केलेलं नाही.

जवळच्या माणसाचा हात पाठीवरून फिरणार असेल, म्हणजे तुम्हाला कळलं मी काय म्हणतेय, तर त्याआधी कपडे अंगावर असतानाच एका वाक्यात सांगून टाका. अंधारात, त्या क्षणी, हाताला लागल्यावर सांगण्यापेक्षा ते कितीतरी सोपं जातं. "माझी पाठ एका बाजूला उंच आहे, दुखत नाही, हात लावला तर चालतो" किंवा "नको लावूस". समोरच्याची प्रतिक्रिया बऱ्याचदा "बरं" एवढीच असते, इतकी साधी की आपणच जरा खट्टू होतो.

रात्रीचे विचार आणि फोन

रात्री फोनवर दुसऱ्यांचे एक्सरे बघत बसू नका. आपल्यापेक्षा वाईट बघून भीती, आपल्यापेक्षा चांगले बघून मत्सर, यातून काही निघत नाही. ऑनलाइन ग्रुप चांगले असतात पण तिथे त्रास चालू असलेलेच जास्त लिहितात, ज्यांचं बरं चाललंय ते आपल्या कामात असतात. आणि "अमुक दिवसांत कणा सरळ" वाल्या जाहिराती दिसल्या की ब्लॉक.

त्याऐवजी लिहून बघा. जेम्स पेनबेकर या मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये एक साधी पद्धत वापरली होती, सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनात खुपणाऱ्या गोष्टीबद्दल न थांबता लिहायचं, शुद्धलेखन नाही, कोणाला दाखवायचं नाही. लिहिल्या लिहिल्या कधीकधी जास्तच उदास वाटतं, म्हणून झोपायच्या अगदी आधी लिहू नका. फाडून टाकलं तरी चालतं.

आईबाबा वाचत असतील तर

"ताठ बस" बंद करा. पूर्ण बंद. त्याने कणा सरळ होत नाही, पोराला फक्त कळतं की तुम्ही सारखं पाठीकडेच बघताय. डॉक्टरांशी बोलताना "हिचं" "याचं" न म्हणता त्यालाच बोलू द्या. ब्रेसचा रंग, डिझाइन, कुठल्या वेळी काढायचा याचं जेवढं डॉक्टर म्हणतील तेवढ्यात त्याला ठरवू द्या, ज्यात त्याचा काहीच निर्णय नाही अशा गोष्टीत एवढं तरी. ब्रेसमध्ये किती तास घातला ते मोजणारा सेन्सर असेल तर त्याला माहीत असू द्या, चोरून हेरगिरी नको. आणि तुमचं रडणं तुम्ही दुसऱ्या मोठ्या माणसापाशी रडा, नाहीतर पोर तुम्हाला सांभाळायला लागतं आणि स्वतःचं सांगायचं सोडतं.

कधी बाहेरची मदत घ्यायची

दोन आठवड्यांपेक्षा जास्त रोज उदास वाटत असेल, झोप किंवा जेवण बिघडलं असेल, आवडीच्या गोष्टी नकोशा झाल्या असतील, पाठ दिसू नये म्हणून शाळा किंवा काम बुडत असेल, बारीक झालं की बाक कमी दिसेल म्हणून खाणं कमी केलं असेल, तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ. स्वतःला इजा करावी, जगू नये असे विचार येत असतील तर आजच, वाट न बघता, जवळच्या माणसाला सांगा आणि हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत किंवा हेल्पलाइनवर जा.

कोणाला विचारायचं कळत नसेल तर तुमच्या पाठीच्या डॉक्टरांनाच विचारा. स्कोलिओसिसच्या पेशंटसाठी जी ठरलेली प्रश्नावली वापरतात, एसआरएस-२२ म्हणून, तिच्यात दुखण्याबरोबर स्वतःच्या दिसण्याबद्दल आणि मनाच्या तब्येतीबद्दल वेगळे प्रश्न आहेतच, म्हणजे हा विषय त्यांच्या कामातलाच आहे. वाक्य सुचत नसेल तर हे वापरा: "डॉक्टर, पाठीपेक्षा मला मनाचा जास्त त्रास होतोय, या विषयात काम करणारं कोणी तुमच्या ओळखीत आहे का?" तोंडाने बोलता येत नसेल तर प्रश्नांच्या कागदावर सगळ्यात वर लिहा आणि कागदच त्यांच्या हातात द्या.